आहारप्रश्न : खाल्लेले लक्षात राहते का?

मागील अंकात लक्षपूर्वक जेवण्याविषयी मी लिहिले होते. भूक लागली आहे की नाही हे पाहून पानावर बसावे, जेवताना लक्ष जेवणात असावे, पोट तुडुंब होण्याआधी हात थांबावा आणि ही सवय महिनाभराच्या पथ्यासारखी न पाळता आयुष्यभर जमेल इतकी सोपी ठेवावी, एवढाच त्या लेखाचा आशय होता. त्यावर पत्रे पुष्कळ आली. काहींनी शंका विचारल्या आणि दोघांनी कानउघाडणीही केली. त्यांतील निवडक पत्रे संक्षिप्त करून, नावे गाळून येथे दिली आहेत.

प्रश्न : मी 47 वर्षांची गृहिणी आहे. दहा वर्षांत माझे वजन 58 वरून 69 किलो झाले. दुपारी दोन पोळ्या, भाजी, थोडा भात आणि रात्री एक भाकरी व वाटीभर आमटी, एवढाच माझा आहार आहे. तीन वेळा डाएट केले; प्रत्येक वेळी पाच-सहा किलो उतरले आणि वर्षभरात परत आले. चाळिशीनंतर चयापचय मंदावते, त्याला इलाज नाही, असे घरचे म्हणतात. ते खरे आहे का? (नाशिक)

उत्तर : ताई, घरच्यांचे म्हणणे सर्वत्र ऐकू येते, पण ते फारसे खरे नाही. 2021 मध्ये 29 देशांतील 6,400 हून अधिक व्यक्तींच्या ऊर्जाखर्चाची मोजणी एकत्र करून प्रसिद्ध झाली. शरीराचे आकारमान आणि स्नायूंचे प्रमाण लक्षात घेतल्यावर विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळजवळ स्थिर राहतो, असे तीत आढळले. रजोनिवृत्तीच्या सुमारास चरबी पोटाभोवती साठू लागते आणि हालचाल कमी झाली की स्नायू घटतात, हे मात्र खरे आहे. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर ती एकदा करून घ्यावी. त्यात दोष न आढळल्यास आपल्याला स्वयंपाकघराकडे पाहावे लागेल.

आपण लिहिलेला आहार मी दोनदा वाचला. तो खोटा आहे असे मला मुळीच वाटत नाही. तो ‘आठवणारा’ आहार आहे. पानावर बसून जे खाल्ले ते आपल्याला आठवले आणि ओट्याशी उभ्याने जे पोटात गेले ते आठवले नाही. पोह्यांसाठी शेंगदाणे तळताना चार तोंडात जातात, आमटीची चव पाहताना तळहातावर दोनदा घेतले जाते, मुलाच्या डब्यात परत आलेली अर्धी पोळी भांडी घासायला टाकण्यापूर्वी संपवली जाते आणि खीर काढून झाल्यावर पातेल्याची खरवड चमच्याने निपटली जाते. यांतील कशालाच आपण जेवण म्हणत नाही. सारखीच हालचाल असेल तर 69 किलोचे शरीर टिकवण्यासाठी 58 किलोच्या शरीरापेक्षा रोज साधारण दोनशे ते अडीचशे उष्मांक अधिक लागतात. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 170 आणि लहान चमचाभर तुपात 45 उष्मांक असतात. म्हणजे ओट्याशी उभ्याने गेलेल्या घासांत आपली दहा वर्षांची वाढ सहज बसू शकते.

भूक पोटात लागते हे खरे असले तरी किती खाल्ले याची नोंद मेंदूत होते. 1998 मध्ये पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवीन आठवण टिकूच शकत नव्हती अशा दोन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पोटभर जेवण झाल्यावर दहा ते तीस मिनिटांत त्यांच्यापुढे पुन्हा ताट ठेवले, तर ते पुन्हा जेवत असत आणि तिसरे ताट आले तर त्यालाही हात लावत असत. पोट भरलेलेच होते. जेवल्याची आठवण तेवढी नव्हती. आपली स्मरणशक्ती शाबूत आहे, परंतु उभ्याने, बोलता-बोलता, दुसरे काम करताना खाल्लेला घास मुळात तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

म्हणून माझी सूचना एकच आहे. आठ दिवस काहीही कमी करू नये, फक्त जे खायचे ते बसून आणि ताटलीत घेऊन खावे. शेंगदाणे हवे असतील तर वाटीत काढावेत, खुर्चीवर बसावे आणि खावेत. ही अट वरवर किरकोळ वाटेल. पण दिवसातून नऊ वेळा बसावे लागते आहे हे तिसऱ्या दिवशी ध्यानात आले, असे मला अनेकींनी सांगितले आहे.

‘अन्न हे पूर्णब्रह्म, ते टाकवत नाही,’ असेही आपण पत्रात लिहिले आहे. ते टाकूही नये. मुलांना पहिल्यांदाच कमी वाढावे आणि लागेल तसे पुन्हा वाढावे, म्हणजे ताटात उरत नाही. पातेल्यात उरलेल्या पोळ्यांचा दुसऱ्या दिवशी कुस्करा करावा, भाताला फोडणी द्यावी आणि ती त्या दिवसाची न्याहारी धरावी. शिळ्याचा मान राहतो आणि ते जेवणाच्या हिशेबातही येते.

तीन डाएटांविषयी स्वतःला दोष देऊ नये. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पण ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके वाचू लागले आणि बंधन उठल्यावर पोट भरूनही त्यांचे समाधान होईना. आपली डाएट एवढी कठोर नसतील, परंतु शरीराचा प्रतिकार त्याच जातीचा असतो.

प्रश्न : मी 29 वर्षांचा असून पुण्यात संगणक क्षेत्रात काम करतो. दुपारचा डबा मीटिंग चालू असतानाच सात-आठ मिनिटांत संपतो. चार वाजता पुन्हा भूक लागते आणि खाली जाऊन वडापाव किंवा क्रीम रोल खाल्ला जातो. प्रत्येक घास 32 वेळा चावावा असे वाचले. ते खरेच करायचे का? (पुणे)

उत्तर : घास मोजू नयेत. मोजण्यात लक्ष गेले की ते अन्नावरून उडते, आणि दुसऱ्या दिवशी तो नियमही सुटतो.

आपल्या चार वाजताच्या भुकेची दोन कारणे दिसतात. पहिले वेगाचे आहे. अन्न जठरात उतरले की जठर ताणले जाते आणि तो निरोप व्हेगस मज्जातंतूतून मेंदूकडे निघतो. अन्न लहान आतड्यात पोहोचल्यावर तेथून कोलेसिस्टोकायनिन, जीएलपी-1 यांसारखी संप्रेरके रक्तात येतात. हे सगळे जमून ‘पुरे’ असे वाटेपर्यंत साधारण पंधरा-वीस मिनिटे जातात आणि आपला डबा तोवर धुऊनही झालेला असतो. दुसरे कारण लक्षाचे आहे. पडद्यासमोर जेवणारा माणूस त्या वेळी थोडे अधिक खातो. पण अशा प्रयोगांमध्ये त्याहून मोठा फरक नंतरच्या खाण्यात दिसला आहे. जेवण नीट आठवत नसल्यामुळे संध्याकाळचे खाणे वाढते.

डब्यात काय असते हेही महत्त्वाचे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी 2019 मध्ये 20 जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले (कारखान्यात तयार झालेले, पाकीटबंद) आणि दोन आठवडे साधे, घरगुती पद्धतीचे अन्न हवे तितके खाऊ दिले. दोन्ही आहारांत समोर ठेवलेले उष्मांक, साखर, चरबी आणि तंतू सारखेच होते. तरीही पहिल्या आहारात ती माणसे रोज सुमारे 500 उष्मांक जास्त खात होती, अधिक वेगाने खात होती, आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन जवळजवळ एक किलोने वाढले. ज्वारीची भाकरी चावावीच लागते. क्रीम रोल तोंडात विरघळतो. सावकाश खाण्याचे निम्मे काम भाकरी स्वतःच करते.

आता करायचे काय? आपले जेवताना एकदा पाहावे. तोंडातला घास अजून अर्धा असतानाच बोटे ताटात पुढचा घास कालवून तयार ठेवतात, आणि तयार घास थांबत नाही. बोटांनी थोडे थांबावे, तोंडातला घास गिळून झाल्यावरच पुढच्या घासाला हात घालावा, एवढ्या एका बदलाने सात मिनिटांचे जेवण बारा-तेरा मिनिटांवर जाते. मीटिंग टाळता येत नसेल, तर निदान पहिले पाच घास पडदा मिटून घ्यावेत. आपल्या आजोबांच्या पिढीत पुष्कळ घरी पानाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घातल्याशिवाय पहिला घास घेत नसत. त्यामागची श्रद्धा वेगळी होती, तिचा वजनाशी संबंध जोडण्याचे मला कारण नाही. पण अन्न समोर असताना हात क्षणभर थांबत असे आणि पानात काय-काय वाढले आहे ते डोळ्यांखालून जात असे, ही गोष्ट माझ्या आहारशास्त्राच्या दृष्टीने मोलाची आहे.

चार वाजता खरी भूक लागली तर जरूर खावे. ती खरी आहे का, हे ओळखण्याची एक जुनी कसोटी आहे. त्या क्षणी घरची पोळी-भाजी समोर आली तर खावीशी वाटेल का, असे स्वतःला विचारावे. उत्तर ‘नाही, वडापावच हवा’ असे आले तर बहुधा ती भूक नसून कंटाळा असतो. वडापाव तरीही खाल्ला तर चालेल, पण तो जिना चढताना न खाता उभे राहून का होईना, पूर्ण लक्ष देऊन खावा.

प्रश्न : मी निवृत्त विज्ञान शिक्षक आहे. आपला लेख वाचून हसू आले. मनुका हातात घेऊन पाच मिनिटे पाहत बसण्याची ही परदेशी टूम आहे. वजन म्हणजे उष्मांकांची आवक-जावक, एवढेच शास्त्र आहे. ‘लक्ष’ दिल्याने वजन उतरते याला पुरावा आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : सर, आपला रोख योग्य आहे, म्हणून उत्तर आडवळणाने देत नाही. लक्षपूर्वक खाण्याचे प्रशिक्षण दिल्यावर अनावर खादाडी आणि दुःख, राग, ताण यांपोटी होणारे खाणे कमी होते, याला बऱ्यापैकी आधार आहे. त्याने वजन किती घटते, याविषयीचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. काही अभ्यासांत थोडी घट दिसते, काहींत दिसत नाही. वजन झपाट्याने उतरवण्याचा उपाय म्हणून कोणी याची जाहिरात करीत असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. मी स्वतः ही सवय सुचवते ती वजन वाढू नये आणि उतरलेले टिकावे यासाठी.

या क्षेत्रात खोटी नाणीही चालली आहेत. लहान ताटली घेतली की माणूस आपोआप कमी खातो, हे आपण सर्वत्र वाचले असेल. अशा चतुर युक्त्या ज्यांच्या प्रयोगांमुळे जगभर पोहोचल्या, त्या कॉर्नेल विद्यापीठातील ब्रायन वॉन्सिंक यांचे सहा शोधनिबंध 2018 मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय समूहाच्या नियतकालिकांनी एकाच वेळी मागे घेतले आणि त्यांना विद्यापीठ सोडावे लागले. मीही त्यापूर्वी लहान ताटलीचा सल्ला अनेकांना देत असे. आता देत नाही. लहान ताटलीत माणूस दुसऱ्यांदा वाढून घेऊ शकतो, हे समजायला खरे तर प्रयोगशाळेची गरज नव्हती.

आवक-जावकीचे आपले सूत्र बरोबरच आहे. प्रश्न एवढाच आहे की ही आवक रोज मोजणार कोण? वही घालून उष्मांक लिहिणारे मी पुष्कळ पाहिले, त्यांची वही सहसा सणापर्यंत टिकते. मनुकेचा पाठ जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात 1979 मध्ये सुरू केलेल्या ताणनियमनाच्या कार्यक्रमातून प्रसिद्ध झाला, आणि रोज मनुका न्याहाळत बसावे असा त्याचा हेतू नाही. तो एक नमुन्याचा पाठ आहे. विचार परदेशी आहे असे म्हणावे, तर चरकसंहितेच्या विमानस्थानात फार घाईने नको, फार रेंगाळत नको, न बोलता, न हसता, अन्नात मन ठेवून जेवावे, असे सांगितले आहे. पंगतीत न हसणे मला स्वतःला जमणार नाही, बाकीचे पटते.

आपल्यासारख्यांसाठी वजनकाटा मी वर्ज्य ठरवत नाही. अमेरिकेत 1994 पासून एक नोंदवही चालते, जिच्यात किमान साडेतेरा किलो वजन उतरवून ते वर्षभर तरी टिकवलेल्या माणसांच्याच सवयी नोंदल्या जातात. त्यांतील बरेच जण नियमित वजन करतात आणि रोज सुमारे तासभर चालण्यासारखा व्यायाम करतात. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, सकाळी वजन करावे. किलो-दीड किलोची चढ-उतार पाण्याची आणि मिठाची असते. सलग चार आठवडे काटा एकाच दिशेने गेला तरच ताटाकडे पाहावे. भारतीयांसाठी शरीरभार निर्देशांक (बीएमआय, म्हणजे किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) 23 ओलांडला की वजन जास्त आणि 25 पासून लठ्ठपणा मानतात. कमरेचा घेर पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या आत असावा.

प्रश्न : माझे सासर मोठे आहे आणि महिन्याला एखादे तरी कार्य असतेच. ‘पुरे’ म्हटले तरी सासूबाई आणि आत्याबाई आग्रहाने वाढतात. नाही म्हटले की त्यांना राग येतो. अशा ठिकाणी लक्ष ठेवून तरी काय उपयोग? (सांगली)

उत्तर : वाढणाऱ्याला रिकामे पान बोलावते. आग्रह बहुतेक वेळा आपल्या ‘नको’ला होत नसून पानातल्या मोकळ्या जागेला होतो, हे पुढच्या पंगतीत बारकाईने पाहावे. जिलबी आवडते म्हणून आधी संपवली, तर दुसरी हमखास येते. तीच अर्धी ठेवून मध्ये कोशिंबीर, मध्ये मठ्ठा असे सावकाश खात राहिल्यास वाढणारी पुढे सरकते. आवडीचा पदार्थ सुरुवातीलाच मागून घ्यावा आणि मोठ्याने वाखाणावा. सासूबाईंना हवी असते ती दाद, आणि ती एका पुरणपोळीवरही देता येते. ताकभात मागितला की जेवण आटोपले, ही खूण आपल्याकडे सर्वांना कळते, म्हणून तो जरा लवकर मागावा. एवढे करूनही एखाद्या कार्यात चार घास जास्त गेले तर जाऊ द्यावेत. वजन कार्याच्या दिवसांनी वाढत नाही, कार्यानंतर आठवडाभर डब्यात उरलेल्या लाडवांनी वाढते.

प्रश्न : डॉक्टरांच्या सल्ल्याने मी वजनासाठी आठवड्याचे इंजेक्शन घेतो. भूक इतकी कमी झाली आहे की लक्ष देऊन खाण्याचा प्रश्नच उरलेला नाही. मग ही सवय मला कशाला हवी? (ठाणे)

उत्तर : सध्या भूक औषधाने शांत केली आहे. सेमाग्लुटाइड हे असेच आठवड्याचे इंजेक्शन थांबवलेल्यांचा पाठपुरावा 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात त्यांचे उतरलेले वजन सरासरी दोनतृतीयांश परत आले होते. म्हणून औषध केव्हा आणि कसे कमी करायचे, हे आपल्या डॉक्टरांनीच ठरवावे. सध्याच्या शांत काळात सावकाश जेवणे आणि पोट भरल्याची खूण ओळखणे शिकणे सोपे जाते, भुकेच्या रेट्यात ते कठीण असते. आणखी एक गोष्ट पाहावी : घास मोजकेच जात असल्याने ते वरण, उसळ, अंडे, मासे, पनीर यांचे आधी असावेत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही उतरतात.

प्रश्न : मी 63 वर्षांचा असून दहा वर्षांपासून मधुमेह आहे. दोन वेळा इन्सुलिन घेतो. आपला लेख वाचून ‘भूक लागल्यावरच जेवायचे’ असे ठरवले आणि गेल्या आठवड्यात एका दुपारी हातपाय थरथरले, घाम फुटला. काय चुकले? (पणजी)

उत्तर : चूक माझ्या लेखाची आहे. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी भुकेची वाट पाहायची नसते, हे वाक्य त्यात असायला हवे होते. इन्सुलिन टोचून झाले की ते आपले काम घड्याळाप्रमाणे करते. भूक नसली तरी जेवण वेळेवरच व्हायला हवे. आपण घडलेला प्रकार डॉक्टरांना कळवावा आणि औषधांच्या मात्रा तपासून घ्याव्यात. लक्षपूर्वक खाण्याचा आपल्यापुरता अर्थ वेगळा आहे. वेळ पाळून, शीतकडीचा, म्हणजे आमटीबरोबरचा, भात रोज त्याच वाटीने मोजून घ्यावा आणि भाजी व मासळीपासून सुरुवात करून भात शेवटी खावा. या क्रमाने जेवणानंतरची साखर काहीशी कमी चढते, असे लहान अभ्यासांत दिसले आहे. वय झालेल्या, भूक मंदावलेल्या आणि नकळत वजन उतरत असलेल्या व्यक्तींनी, तसेच ज्यांना पूर्वी खाण्याचा मानसिक विकार होता त्यांनीही भुकेवर विसंबण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

पुन्हा थरथर, घाम किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर शक्य असल्यास साखर मोजावी. ती 70 मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा मोजणे शक्य नसेल, तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी, आणि साखर वर आल्यावर पोळी किंवा भात खावा. ती साखर मात्र चवीने, सावकाश घेत बसू नये. एका दमात प्यावी.